पिशवी तेवढी

"पिशवी तेवढी दिलासा तर बरं हुतं, दादा. एकच हाय."

नोव्हेंबरातली गोष्ट. बोलणारी मावशी बोलून गेलीसुद्धा. पण त्यानंतर दोनतीन आठवडे भाजीला निघालो की, दाराच्या खुंटीवरची पिशवी काढली की, हे वाक्य आपोआप कानात वाजायचं.

हंगामाचा सण होता. पत्रिकेत तसं छापतात. बोलताना सगळे हार्वेस्टच म्हणतात. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भातकापणी उरकलेली, एखाद्या खळ्यावर मळणीचा आवाज चालू. देवळात (आमच्या घरी चर्चला अजून देऊळच म्हणतात) पाऊल टाकलं की त्या दिवशी आधी वास येतो. नव्या तांदळाचा, रताळ्यांना चिकटलेल्या ओल्या तांबड्या मातीचा, गुळाच्या ढेपेचा, आणि कोपऱ्यात पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्यांचा. वेदीपुढं भाताच्या लोंब्या, नारळ, काकड्या, नाचणीची पोती, कुणीतरी आणलेली खानापुरी मातीची दोन मडकी. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना सांगत होते आणि नेमका त्याच वेळी कोंबडा आरवला. येशूला तीनदा नाकारल्यावर ज्याला कोंबडा ऐकू आला त्या पेत्राची आठवण होऊन मागच्या बाकावरचे दोघं फिसकन हसले. मीही हसलो. पुन्हा आरवतोय का म्हणून थोडा वेळ वाटही बघितली.

उपासनेनंतर अंगणात लिलाव. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांना ते दृश्य वेड्यासारखं वाटेल. बाजारात तीस रुपयांना मिळणारा नारळ इथं तीनशेला जातो, आणि तो घेणारा तोच नारळ पुन्हा टेबलावर ठेवतो, परत लिलाव करा म्हणतो. पैसे देवळाच्या कामाला लागतात, सगळे हसतात, लेकरं कोंबड्यांच्या मागं पळतात. छान असतं. पण त्या हसण्याच्या खाली आणखी एक गोष्ट वाहत असते, ती लिलाव म्हणणाऱ्या पंचाला बरोबर कळते. कोण कुणापुढं हार मानणार नाही हे त्याला पाठ असतं. एक तांबडा भोपळा टेबलावर आला. मोठा, देठाशी अजून हिरवट, एका ठिगळाठिगळांच्या पिशवीत. मी सहज दोनशे म्हटलं. पलीकडून पाचशे आले. पलीकडं म्हणजे गावातला एक गुत्तेदार, माझ्याच वयाचा, शब्बाथशाळेत (देवळातली मुलांची रविवारची शाळा) माझ्याच बाकावर बसणारा. आता पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन फोन. मग मी हजार म्हटलं. पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. भोपळा टेबलावर होता, पण त्याच्याकडं आम्ही दोघंही बघत नव्हतो. एक वार, दोन वार, तीन वार. चार हजार एकशे रुपये. टाळ्या पडल्या. पंचांनी माईकवरून माझं नाव दोनदा घेतलं. दोनदा घेतलं हे मला आजही आठवतंय, म्हणजे मी मोजत होतो.

पिशवीसकट भोपळा गाडीच्या डिकीत ठेवला आणि झाकण लावणार तोच ती मावशी शेजारी येऊन उभी राहिली. सत्तरीच्या पुढची. तोंडओळखीची, नाव माहीत नव्हतं. भोपळा तिनं आणलेला हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. लिलाव चालू असताना ती कुठं होती कोण जाणे. मी भोपळा काढून डिकीत एका बाजूला टेकवला, पिशवी झटकली, दिली. तिनं हातावर पुसून चार घड्या घातल्या, कमरेला खोचली, "दिलासा, बरं झालं" म्हणाली आणि चालायला लागली.

आमच्याकडं 'दिलासा' म्हणजे 'तुम्ही दिलंत'. आलासा, जेवलासा, गेलासा, तसंच दिलासा. पुण्यामुंबईच्या माणसाला वाटेल मावशी धीर देत होती. मी गाडी चालू करताना क्षणभर मलाही तसंच वाटलं.

बेळगावच्या रस्त्याला लागल्यावर ही म्हणाली, "अहो, चार सिलिंडर आले असते." मी म्हटलं, "देवाला दिले." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "देवाला द्यायचे तर थैलीत टाकायचे. भोपळा कशाला मध्ये?" याला उत्तर नव्हतं. देवळात दर रविवारी मखमली थैली फिरते. तिच्या तोंडाशी हात गेला की मूठ उघडते, आत काय पडलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. त्या थैलीत मी कधीही चार हजार एकशे टाकलेले नाहीत. पन्नासची नोट टाकतो, सणाला शंभराची. नोट चुरगळून टाकायची सवय आहे, का ते मला माहीत आहे.

नावाची भूक ही काय एकट्या माझी नाही म्हणा. आमच्या देवळातल्या सहाही पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं रंगवलेली आहेत. पंखा फिरत असताना ती दिसत नाहीत. पावसाळ्यात लाईट गेली, घामाच्या धारा लागल्या, की पाती हळूहळू थांबतात आणि मग 'यांच्या स्मरणार्थ' वाचता येतं. बाकांवरही नावं आहेत. 1820 मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडं गेलं, हे आम्हाला लहानपणी पाठ होतं. पण पुढं ज्या बायबलबाया चिखल तुडवत वाडीवस्तीवर गेल्या, बायकांना अक्षरं शिकवली, बाळंतिणींपाशी रात्री बसल्या, त्यातली एकही कुठल्या पंख्यावर नाही. माझी आज्जी त्यांच्यातल्याच एकीकडून वाचायला शिकली. "बाई" एवढंच ती म्हणायची. नाव विचारलं की म्हणायची, "बाईला कोण नाव विचारतं?"

आज्जीच्याच तोंडून मी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वचन पहिल्यांदा ऐकलं. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथं कसर व जंग खाऊन नाश करतात, आणि चोर घर फोडून चोरी करतात. शब्बाथशाळेत पाठ म्हणून दाखवलं की रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं, म्हणून मी ते घडाघडा म्हणायचो. मात्र कळायचं काही नाही. जंग म्हणजे मला लढाई वाटायची, कारण आमच्यात लोखंडावर चढतो तो गंज. आणि कसर म्हटलं की घरात रोज कानावर पडणारी काटकसर. बाबा काटकसर करा म्हणायचे, येशू म्हणतो कसर खाते. हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नव्हतं.

ते सुटलं एका पावसाळ्यात. खानापूरकडचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको. मीठ पाझरतं, चपलांवर बुरशी धरते, चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवले की शाळेत अंगाला धुराचा वास येतो. आज्जीची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. आत्याच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि आज्जीनं तिच्या स्वतःच्या लग्नातलं शहापुरी लुगडं बाहेर काढायला सांगितलं. ते लुगडं ती कधीच नेसायची नाही. नाताळाला नाही, गुड फ्रायडेला तर नाहीच, कुणाच्या लग्नाला नाही. 'चांगलं आहे, राहू दे' एवढंच. ट्रंकेच्या कडीला गंज चढलेला, ती बाबांनी दगडानं ठोकून उघडली. आत कडुलिंबाचा वाळका पाला, डांबरगोळीचा उग्र वास, आणि लुगडं. वरून अगदी कोरं. आज्जीनं उलगडायला घेतलं आणि घडीघडीला भोकं. खळ दिलेलं सूत कसरीला गोड लागतं म्हणे. दोनचार चंदेरी किडे उजेडात सरसर पळाले. तीच कसर. मी ओरडलो, "आज्जी, वचनातली!" सगळे गप्प झाले. आत्या रडायला लागली.

आज्जी रडली नाही. तिनं लुगडं ओसरीवर पसरलं, कात्री मागितली आणि भोकं टाळत टाळत चांगले तुकडे कापून घेतले. त्याची वाकळ झाली. आत्याला लग्नात दुसरं लुगडं घेतलं. ती वाकळ आज माझ्याकडं आहे, आणि खरं सांगतो, मी ती कुणाला पांघरायला देत नाही. कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या चेनवाल्या पिशवीत. वर्षातून दोनदा ऊन देतो.

आता 'चोर घर फोडून' याबद्दल. मराठीत घर फोडायला चोरच लागतो असं नाही.

बाबा आणि काका यांच्यात तीस गुंठ्यांवरून जे सुरू झालं ते अकरा वर्षं चाललं. तीस गुंठे, म्हणजे एकरसुद्धा नाही. ओढ्याकाठचा तुकडा, चांगल्या पावसात बांध वाहून जाणारा. उतारा कन्नडमधला. दोघांनाही कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. शेजारच्या गल्लीत एक कन्नड मास्तर राहायचे. बाबा सोमवारी उतारा घेऊन त्यांच्याकडं वाचून घ्यायला जायचे, काका बुधवारी. तोच कागद, तीच नावं, तेच आकडे. मास्तर बिचारे दोघांनाही चहा द्यायचे आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचे नाहीत. रविवारी दोघं भाऊ एकाच देवळात, काका खिडकीकडच्या बाकावर, बाबा दाराकडच्या. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, कठड्यापाशी गुडघे टेकायला लोक टप्प्याटप्प्यानं जातात, त्यात बाबा कायम आधी उठायचे, म्हणजे काका उठायला नको. मी लहान असताना मला वाटायचं बाबांना प्रभुभोजनाची घाई असते.

एकदा एका पाळकसाहेबांनी मूर्ख धनवानाच्या दाखल्यावर उपदेश केला. कोठारं मोडून मोठी बांधणारा आणि त्याच रात्री जीव मागितला गेलेला तो माणूस. दाखला सगळ्यांना ठाऊक असतो. पण येशूनं तो का सांगितला हे वाचायचं राहून जातं. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण मध्येच उठतो आणि म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनातला माझा वाटा मला दे म्हणावं. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग दाखला. म्हणजे सगळी कोठारं, तो सगळा साठा, त्याच्या मुळाशी भावाभावांचा वाटा आहे. पाळकसाहेब नवीन होते, त्यांना आमच्या घरातलं ठाऊक नसावं. देवळात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. माना वळल्या नाहीत, पण वळायच्या राहिल्या हे कळत होतं. बाबांच्या हातातलं गायनाचं पुस्तक उघडं होतं आणि ते चुकीच्या पानावर होतं.

आमच्या शेजारी एक वारकरी आजोबा राहायचे, दर आषाढीला पंढरपूरला जाणारे. त्यांनी बाबांना ओट्यावर बसवून तुकोबांची गोष्ट सांगितली होती. कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची वेळ आली तेव्हा तुकोबांनी आधी निम्मी कान्होबाला, धाकट्या भावाला, वाटून दिली आणि फक्त आपली बुडवली. आजोबांचं म्हणणं असं की भावाचा वाटा बुडवून कुणी संत होत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुकोबांचे कागद मराठीत होते." दोघंही हसले असं आई सांगते. मला ते हसण्यासारखं वाटत नाही, पण सीमाभागात अशीच हसतात माणसं. इथं जमीन कुणाची, गाव कुणाचं, पाटी कोणत्या लिपीत, हे श्वासासारखं चालू असतं. बायबलमधलं पौलाचं ते वाक्य, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, आमच्या देवळात वाचलं की मागचा एखादा तरी पुटपुटतोच, "तिथं तरी प्रश्न निकालात निघालाय म्हणायचं."

काका गेले तेव्हा दावा चालूच होता. बाबांनी खांदा दिला. माती लोटताना ते एकटेच चपला काढून उभे होते. नंतर कधीतरी दावा निकाली निघाला, बाबांच्या बाजूनं. त्या तीस गुंठ्यांत आज चुलतभाऊ भात लावतो. कुणी म्हणेल बाबांचं मन पालटलं. तसं असेलही. पण बाबांचे गुडघे गेले होते आणि मी बेळगावात नोकरीला होतो, हेही तितकंच खरं आहे. कशानं काय झालं ते बाबांनाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं.

सोडणं ही गोष्ट वरवर दिसते तेवढी स्वच्छ नसते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा मांडला, आणि दोनच वर्षांनी ते गेले. आमच्या घरी त्यांचं नाव आदरानं घेतात. पण आज्जी त्या आदरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाही ओढून आणायची. टिळक खिसा रिकामा करून यायचे आणि चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची असायची, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच हसतखेळत लिहून ठेवलंय. आज्जी म्हणायची, "देणारा एक दिसतो, देणारी दोन असतात." चार सिलिंडरचा हिशेब ही करत होती तेव्हा मला आज्जीच आठवली, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

भोपळा स्वयंपाकघराच्या माळ्यावर राहिला. देठ शाबूत असला तर तांबडा भोपळा दोनतीन महिने सहज टिकतो. पण आमचा टिकला तो वेगळ्या कारणानं. इतका महाग भोपळा कापणार कोण? ही म्हणायची तुम्ही कापा, मी म्हणायचो नाताळाला बघू. पाहुणे आले की मी गोष्ट सांगायचो आणि माळ्याकडं बोट दाखवायचो. तिसऱ्यांदा सांगताना लक्षात आलं की गोष्टीत मावशी येतच नाही. गुत्तेदार येतो, पंच येतो, टाळ्या येतात, आकडा येतो.

मावशी का गाळली ते शोधायला मला काही दिवस लागले. मोठं कारण शोधत होतो आणि ते अगदी घरगुती निघालं. मी तिची पिशवी रिकामी परत दिली होती.

आमच्या आईनं जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत पाठवलं नाही. शेजारून डबा आला तर धुऊन, पुसून, त्यात काहीतरी घालून जायचा. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं देऊ नये, एवढंच कारण. हे शिकायला देवळात जावं लागत नाही. मी जगापुढं चार हजार एकशे दिले आणि माझ्याच डिकीत रताळ्यांचं पोतं पडलेलं असताना तिची पिशवी झटकून दिली. झटकली हे तर फारच वाईट. आतली माती काढून दिली, तिच्याच शेतातली. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या बायबलमधल्या त्या विधवेवर मी शब्बाथशाळेत बोललोय, मुलांना रंगीत कार्डं वाटलीत. त्या बाईचीही कुठलीतरी पिशवी असणार, त्यातून तिनं त्या टोल्या काढल्या असणार, हे मला कधी सुचलं नव्हतं.

डिसेंबरच्या तेविसाव्या तारखेला भोपळा कापला. आत केशरी, घट्ट, कडेला थोडा पाणचट. हिनं किसून गुळात शिजवला, वेलची घातली, कणीक आणि तांदळाचं पीठ मळून घारगे तळले. करंज्या-चकल्यांच्या वासात घारग्यांचा वास मिसळला आणि घर एकदम लहानपणीचं झालं. स्टीलच्या डब्यात पंधरा घारगे घालून मी गावाकडं निघालो. नाव विचारत गेलो, घर सापडलं. ओढ्याच्या अलीकडं, कौलारू, दारात वाळत घातलेल्या लाल मिरच्या. मावशी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. ती पिशवी शेजारी होती, तांदूळ त्यातलेच. जवळून पाहिली तर वाकळीसारखीच शिवलेली, धावदोऱ्याची, एका ठिगळावर अजून जरीची बारीक रेघ.

तिनं पाट सरकवला, पाणी दिलं, घारगा मोडून खाल्ला. "गूळ जरा कमी पडलाय," म्हणाली, आणि दुसरा घेतला. मी म्हटलं, "मावशी, तुमच्याच भोपळ्याचे आहेत."

तिनं चावता चावता माझ्याकडं बघितलं.

"कुठला भोपळा?"

मी सांगायला लागलो. हार्वेस्टचा, टेबलावर ठेवलेला, तो लिलाव... आकडा तोंडापर्यंत आला होता. ती "व्हय, व्हय" म्हणत मान हलवत होती, पण तिचं लक्ष सुपात होतं. मग उठली, घारगे ताटलीत काढून घेतले, डबा रांजणापाशी नेऊन धुतला, पदरानं पुसला, त्यात ओंजळभर नवे तांदूळ घातले आणि झाकण दाबून माझ्या हातात दिला.